वाक्यारंभीचा स्वल्पविराम



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. मालेचं शेवटचं पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. सरांच्या स्मरणाला साजेल म्हणून मी विषयही वर्गातलाच निवडला. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला कर्त्याच्या आधी एखादा तुकडा येतो. तो वेळ सांगतो, ठिकाण सांगतो, कारण किंवा अट सांगतो. त्या तुकड्यानंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही? निबंधाच्या वहीवर मान खाली घालून लिहिणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा त्यांना दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘थांबावंसं वाटलं की कॉमा दे.’ दुसरं, ‘तुकडा मोठा असेल तर दे, छोटा असेल तर नको.’

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण मराठी घरातल्या मुलाला दोन्ही अपुरी पडतात. कारण या स्वल्पविरामाचं मूळ श्वासात नाही आणि लांबीतही नाही. ते इंग्रजीच्या रचनेत आहे, आणि मराठीची रचना शेजारी ठेवली की ते लख्ख दिसतं. आजचं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

एक वाक्य घेऊ. ‘आफ्टर द मॅनेजर लेफ्ट द ऑफिस क्लोज्ड अर्ली.’ मध्ये एकही चिन्ह नाही. वाचक काय करतो? ‘आफ्टर द मॅनेजर लेफ्ट द ऑफिस’ इथपर्यंत त्याला वाटतं की मॅनेजर ऑफिसातून बाहेर पडला. मग ‘क्लोज्ड’ येतं आणि वाचक अडखळतो. बंद काय झालं? तो मागे जातो, ‘द ऑफिस’ हे शब्द पहिल्या तुकड्यातून सोडवतो आणि पुढच्या विधानाला कर्ता म्हणून देतो. ‘लेफ्ट’नंतर स्वल्पविराम असता तर ही यातायात करावी लागली नसती.

आता हेच मराठीत म्हणा. ‘मॅनेजर गेल्यावर ऑफिस लवकर बंद झालं.’ कितीही भरभर वाचा, कुठेही अडत नाही. ‘गेल्यावर’ या शब्दातल्या ‘वर’नं तुकडा संपल्याचं सांगून टाकलेलं असतं. पुढे जे येईल ते नव्या विधानाचं. दुसरा अर्थ हवा असेल तर मराठीला वाक्यच वेगळं लागतं. ‘मॅनेजर ऑफिसमधून गेल्यावर’ असं म्हणावं लागतं, आणि मग ऑफिस कोणत्या तुकड्यातलं याबद्दल शंका उरत नाही.

दोन भाषांतला फरक इथे आहे. इंग्रजीत ‘आफ्टर’, ‘इन’, ‘ऑन’, ‘बिफोर’, ‘व्हेन’, ‘इफ’ हे शब्द तुकड्याच्या आधी येतात. तुकडा सुरू झाला हे ते सांगतात, तो कुठे संपला हे सांगत नाहीत. मराठीत तेच काम करणारे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं तुकड्याच्या शेवटी येतात. पावसाळ्यात, सुट्टीनंतर, परीक्षेपूर्वी, आजारपणामुळे, आल्यावर, येताना, आला तर, आला तरी. शिवाय मराठी पोटवाक्यातलं क्रियापदही शेवटीच बसतं. तुकडा कुठे संपला ते त्याच्या शेवटच्या अक्षरांवरच लिहिलेलं असतं. इंग्रजीत ते कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून शाईचा एक ठिपका शेपूट काढून तिथे ठेवावा लागतो. आपल्या मुलाला हा ठिपका सुचत नाही, कारण त्याच्या मातृभाषेनं तो त्याच्याकडून कधी मागितलेलाच नाही. यात त्याचा निष्काळजीपणा शोधू नये.

वाचकाचं अडखळणं हा नुसता शिक्षकांचा अंदाज नाही. १९८२ मध्ये लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर या संशोधकांनी अशा दुहेरी वाटेच्या वाक्यांवर वाचकाची नजर कशी फिरते ते मोजलं. वाक्याचा खरा अर्थ उलगडणाऱ्या शब्दापाशी नजर जास्त वेळ थांबते, कधी मागे फिरते, असं त्यांना आढळलं. २००१ मध्ये कील क्रिस्टियनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मागे जाऊन वाक्य नीट लावल्यावर तरी पहिला चुकीचा अर्थ पुसला जातो का? त्यांचं एक वाक्य असं होतं: ‘व्हाइल अ‍ॅना ड्रेस्ड द बेबी स्पिट अप ऑन द बेड.’ अ‍ॅना स्वतः कपडे घालत होती आणि बाळानं पलंगावर दूध ओकलं, असा त्याचा अर्थ. पण ‘अ‍ॅनानं बाळाला कपडे घातले का?’ असं विचारल्यावर अनेक वाचकांनी होकार दिला. वाक्य संपलं होतं, अर्थ लागला होता, तरी चुकीचं चित्र मनात राहिलं होतं. मध्ये स्वल्पविराम असलेल्या वाक्यांत हा गैरसमज कमी आढळला. म्हणजे हे चिन्ह वाचकाचा क्षणभर वेळ तर वाचवतंच, पण त्याच्या मनात काय उरेल तेही ठरवतं.

मग श्वासाची गोष्ट आली कुठून? ती फार जुनी आहे आणि तिचा मान राखायला हवा. इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख असलेले बायझँटियमचे अ‍ॅरिस्टोफेनिस यांनी ग्रीक मजकुरात खाली, मध्ये आणि वर असे तीन उंचींवरचे ठिपके सुचवले. मजकूर तेव्हा मोठ्यानं वाचला जाई आणि शब्दांत मोकळी जागा नसे, म्हणून कुठे किती थांबायचं ते वाचणाऱ्याला कळावं हा हेतू होता. आज आपण लिहितो त्या आकाराचा स्वल्पविराम रुळला तो १४९० च्या दशकात, व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस यांच्या छापखान्यात. पुढे १७९५ मध्ये लिंडले मरे यांचं इंग्रजी व्याकरण आलं. मरे जन्मानं अमेरिकन, पण इंग्लंडात यॉर्कजवळ राहत आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्यांनी थांबण्याचं गणितच मांडलं. स्वल्पविराम सर्वांत लहान, अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. आपल्याकडे ‘कॉमाला एक आकडा मोजा’ असं शिकवणारे शिक्षक कळत-नकळत या परंपरेतलेच.

पण मरे यांच्यानंतर वाचन हळूहळू ओठांवरून डोळ्यांत गेलं. आज इंग्रजी मजकूर बहुतांशी मनातल्या मनात वाचला जातो, आणि मूक वाचकाला श्वासाच्या जागांपेक्षा वाक्याचे सांधे दिसणं महत्त्वाचं असतं. शिवाय आपल्या मुलाचा श्वास मराठी लयीचा. इंग्रजी वाक्य वाचताना तो जिथे थांबतो, तिथे इंग्रजीचा सांधा असेलच असं नाही. त्याला ‘थांबावंसं वाटलं की कॉमा दे’ असं सांगणं म्हणजे एका भाषेच्या कानानं दुसऱ्या भाषेचं व्याकरण लिहायला सांगणं.

मराठीत सीमा दाखवायला चिन्हाची गरज पडत नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. मोडी लिपीत शब्द सुटे न लिहिता ओळ सलग लिहिण्याची रीत होती. पेशवाईतली पत्रं आणि हिशेब या सलग ओळींत लिहिले गेले, आणि जाणकार कारकून ते वाचत. त्यांना आधार होता तो अंत्यप्रत्ययांचा आणि शेवटी येणाऱ्या क्रियापदाचा. मराठीत विरामचिन्हांची पद्धतशीर ओळख करून दिली ती मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातले हे सहकारी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं छोटं पुस्तक १८५० मध्ये निघालं. छापील मराठीवर कँडींचे उपकार मोठे आहेत. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्याआधी कित्येक शतकं मराठी लिहिली आणि वाचली जात होती. इंग्रजीची कहाणी उलट दिशेनं गेली. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि अर्थाचा भार शब्दांच्या क्रमावर आला. क्रमावर चालणाऱ्या भाषेला सांधे दाखवणारी चिन्हं अधिक लागतात.

आता वर्गात उपयोगी पडेल असं काही. मी एक कसोटी सुचवते. इंग्रजी वाक्याचं मनात मराठी करा. कर्त्याच्या आधीच्या तुकड्याला मराठीत ज्या शब्दावर शेवटचा प्रत्यय किंवा अव्यय लागतं, तिथे इंग्रजीत स्वल्पविरामाची जागा आहे.

‘इन द ईव्हनिंग क्लासेस आर फुल.’ मराठीत ‘संध्याकाळी वर्ग भरलेले असतात.’ प्रत्यय ‘संध्याकाळी’वर, म्हणून ‘ईव्हनिंग’नंतर स्वल्पविराम. नाही दिला तर ‘संध्याकाळच्या वर्गांत’ असं वाचून वाचक फसतो. तुकडा तीन शब्दांचाच आहे, तरी चिन्ह हवं. लांबीचा नियम इथे कामाला येत नाही.

‘अकॉर्डिंग टु प्रकाश आनंद विल कम टुमॉरो.’ कोण येणार, आनंद की आणखी कुणी? आणि सांगणारा प्रकाश की प्रकाश आनंद नावाचा गृहस्थ? मराठीत ‘प्रकाशच्या म्हणण्याप्रमाणे आनंद उद्या येईल’ म्हटलं की प्रश्न मिटला. दोन विशेषनामं किंवा दोन आकडे शेजारी आले, की स्वल्पविरामाला पर्याय नाही. ‘इन २०१९ ४५ स्टुडंट्स पास्ड’ हे डोळ्यांनी वाचून पाहा म्हणजे पटेल.

हीच कसोटी स्वल्पविराम कुठे नको तेही सांगते. ‘टु रीड वेल, वी मस्ट रीड स्लोली’ आणि ‘टु रीड वेल इज अ स्किल’ या दोन वाक्यांचे पहिले तीन शब्द तेच आहेत. पहिल्याचं मराठी ‘चांगलं वाचण्यासाठी’. ‘साठी’ आला, स्वल्पविराम आला. दुसऱ्याचं मराठी ‘चांगलं वाचणं ही कला आहे’. इथे तो तुकडाच कर्ता झाला, शेवटी अव्यय नाही, म्हणून स्वल्पविरामही नाही. तसंच ‘वॉकिंग इन द रेन’चं. ‘पावसात चालताना’ असा अर्थ असेल तर पुढे स्वल्पविराम. ‘पावसात चालणं हा तिचा छंद आहे’ असा असेल तर नको. परीक्षेच्या वह्यांत लांबलचक कर्त्यानंतर दिलेला स्वल्पविराम फार दिसतो. मुलांना लांबीचा नियम शिकवला आणि रचनेचा शिकवला नाही, याचं ते फळ आहे.

कसोटीला एक अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. ‘ऑन द टेबल ले अ लेटर.’ मराठीत ‘टेबलावर एक पत्र पडलं होतं.’ प्रत्यय आहे, पण इंग्रजीत स्वल्पविराम देत नाहीत. कारण तुकड्याला लागून लगेच क्रियापद आलं आहे आणि कर्ता मागे गेला आहे. क्रियापद दिसताच वाचकाला तुकडा संपल्याचं कळतं. अपवाद खरा, पण तोही त्याच तत्त्वावर उभा आहे. जिथे दुसरं काही सीमा दाखवतं, तिथे चिन्हाची गरज उरत नाही.

आणि जिथे गोंधळाला जागाच नाही, अशा दोन-तीन शब्दांच्या तुकड्यानंतर निवड लिहिणाऱ्याची. ‘इन जून वी गो टु कोकण’ हे स्वल्पविरामासह बरोबर आणि त्याशिवायही बरोबर. अमेरिकेत तो देण्याकडे कल अधिक, ब्रिटिश लेखनात वगळण्याकडे. ऑक्सफर्डच्या छापखान्यासाठी होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये नियम छापले, शिकागो विद्यापीठाच्या छापखान्यानं १९०६ मध्ये आपली नियमावली काढली, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे संपादक आपापल्या घराची रीत पाळत आले आहेत. शिक्षकांना माझी विनंती, की अशा वाक्यांत विद्यार्थ्याचा गुण कापू नका. पण पोटवाक्य असेल, म्हणजे ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’ यांच्यापुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतील, तर सवलत देऊ नका. तिथे स्वल्पविराम हवाच.

या चिन्हाच्या पुढच्या बाजूलाही एक धोका आहे. ‘वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम’ असं वाक्य आपली मुलं सहज लिहितात. स्वल्पविराम अचूक जागी आहे, तरी वाक्य सदोष आहे, कारण इंग्रजी वाचक रस्त्यानं चालणारा म्हणून कुत्र्यालाच धरतो. मुलाचं हे वाक्य मराठीतून आलं आहे. ‘रस्त्यानं जाताना त्याला कुत्रा चावला.’ मराठीत हे निर्दोष आहे. आपला ‘ताना’ कर्त्याला बांधलेला नाही. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्यालाही तो लागू होतो. इंग्रजीत मात्र स्वल्पविराम ओलांडताच जो कर्ता भेटेल, त्याच्याच नावावर आधीची क्रिया जमा होते. म्हणून स्वल्पविराम देऊन झाल्यावर मुलानं पुढचा शब्द तपासायला शिकलं पाहिजे. आधीचं काम करणारा हाच ना?

मित्रहो, हा वर्गातला विषय न्यायालयांपर्यंत पोचलेला आहे. १७९१ मध्ये मंजूर झालेली अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती एका प्रास्ताविक तुकड्यानं सुरू होते. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्यानं, असा त्याचा आशय. मग मुख्य विधान येतं, की शस्त्र बाळगण्याच्या जनतेच्या हक्कावर गदा येऊ नये. त्या काळच्या प्रतींत स्वल्पविरामांची संख्याही एकसारखी नाही. काहींत तीन आहेत, काहींत एकच. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयानं म्हटलं की त्यातला दुसरा स्वल्पविराम वाक्याचे दोन भाग पाडतो. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी पहिल्या भागाला प्रस्तावनेचा आणि दुसऱ्याला हुकमाचा दर्जा दिला, आणि प्रस्तावना हुकमाला मर्यादा घालत नाही असं ठरवलं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी याला विरोध केला. यातून मला दिसतं ते असं, की प्रस्तावना कुठे संपली हे स्वल्पविराम दाखवतो. त्या प्रस्तावनेचा मुख्य विधानावर किती अधिकार, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी लिहिणाऱ्यानं शब्द खर्च केले पाहिजेत.

आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात हे शब्द खर्च केलेले दिसतात. अनुच्छेद ३६८ च्या पहिल्या खंडाची सुरुवात ‘नॉटविथस्टँडिंग’नं होते. या संविधानात काहीही असलं तरी, एवढा तुकडा झाला की स्वल्पविराम, आणि मग संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार. प्रस्तावनेचा मुख्य विधानाशी संबंध काय, ते पहिल्याच शब्दानं पक्कं केलं आणि तुकडा कुठे संपला ते चिन्हानं. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य या नजरेनं जरूर वाचावं.

आता गोष्ट आपल्या घरची. इंग्रजीतला हा स्वल्पविराम गेली काही वर्षं मराठीत शिरतो आहे. ‘२०१४ मध्ये, सरकारनं निर्णय घेतला.’ ‘पुण्यात, काल पाऊस झाला.’ ‘या कारणामुळे, कामाला उशीर झाला.’ भाषांतरित मजकुरात आणि जाहिरातींत अशी वाक्यं रोज दिसतात. ‘मध्ये’, ‘पुण्यात’, ‘मुळे’ यांनी सीमा आखून दिलेली असताना तिथे पुन्हा चिन्ह ठेवणं म्हणजे आपल्याच प्रत्ययावर अविश्वास दाखवणं. मराठीला स्वल्पविराम लागतो, पण त्याच्या जागा वेगळ्या आहेत. संबोधनानंतर लागतो, ‘तो म्हणाला’च्या पुढे लागतो, एका जातीचे अनेक शब्द ओळीनं आले तर लागतो, लांब पोटवाक्यं एकापाठोपाठ आली तर डोळ्याला विसावा म्हणून लागतो. प्रत्यय लागलेल्या साध्या तुकड्यानंतर लागत नाही. ज्याला इंग्रजीतला हा स्वल्पविराम खरोखर कळला, तो मराठीत त्याची भरती करणार नाही, असा माझा विश्वास आहे.

शेवटी शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीवर पुढे टीका झाली, ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा’ असा आग्रह आला, आणि बोलण्याच्या सरावासाठी तो योग्यही आहे. पण दोन भाषा शेजारी ठेवून त्यांचे सांधे तपासायची जी सवय भाषांतरानं लागत असे, ती टाकून देण्याजोगी नव्हती. मराठी ही इंग्रजी शिकण्यातली अडचण आहे, असं आपल्या मुलांना फार वेळा ऐकवलं गेलं आहे. निदान या एका चिन्हाच्या बाबतीत तरी मराठी हा त्यांच्या हातातला सर्वांत विश्वासू मापदंड आहे.

म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. उद्या वर्गात फळ्यावर पाच इंग्रजी वाक्यं लिहा, सगळे स्वल्पविराम काढून. मुलांना आधी कर्ता आणि क्रियापद अधोरेखित करायला सांगा. मग कर्त्याच्या आधीच्या तुकड्याचं मराठी करून घ्या आणि त्यातला शेवटचा प्रत्यय शोधायला लावा. तो सापडला की खडू त्यांच्या हातात द्या आणि स्वल्पविराम त्यांनाच देऊ द्या. नियम पाठ करून घेण्याआधी हे एकदा करून पाहा.